बर्गर : पिण्यास अयोग्य

शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत आजवर एकाच बर्गरची तपासणी झाली आहे, आणि तो नापास झाला. ऐकणाऱ्याला याचं हसू येतं. येऊ द्यावं, हसण्यावर अजून कर बसलेला नाही. पण ज्यांच्या हातून हे घडलं त्या नमुनेसाहेबांना त्याचं अजूनही हसू आलेलं नाही. तसे ते विनोदाचे वैरी नव्हते. विनोद कुणी नीट समजावून सांगितला तर ते मान डोलवायचे आणि ‘असं होय’ म्हणायचे.

नमुनेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. प्रयोगशाळेत ते वरिष्ठ सहायक होते आणि शहरभर फिरून नळांच्या, टाक्यांच्या, विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करणं हे त्यांचं काम होतं. खांद्याला पट्ट्याची पेटी, पेटीत निर्जंतुक केलेल्या बाटल्या, खिशात चिमटा. इमारतीतले लोक त्यांना आधी पाठीमागे आणि मग तोंडावरच नमुनेसाहेब म्हणायला लागले. ‘नमुना’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे हे त्यांना ठाऊक होतं. लोक कुठला अर्थ मनात धरून हाक मारतात, या चौकशीत ते कधी पडले नाहीत. आपलं आपण पाणी जोखून असावं, हे त्यांना कळत होतं.

त्यांचं दुखणं घरात होतं. मुलीला पंधरावं लागलं होतं. लहानपणी दाणे टिपल्यासारखी जेवायची म्हणून घरात तिचं नाव चिमणी पडलं, ते अजून टिकून होतं. ही चिमणी हल्ली शाळेतून उशिरा यायची, जेवायला बसायची, भाताचा ढीग ताटाच्या या कडेकडून त्या कडेकडे सरकवायची आणि म्हणायची, “पोट भरलंय.” कशाने भरलंय हे सांगायला ज्योतिषी नको होता. शाळेच्या कोपऱ्यावर बर्गरचं नवं दुकान झालं होतं, काचेचं, पिवळ्या दिव्यांचं. तिथून आलं की पोरीच्या केसांना तळणाचा वास यायचा, आणि वास हा तर नमुनेसाहेबांच्या धंद्यातला पहिला रकाना.

“अहो, तिला नीट विचारा तरी,” बायको म्हणाली. बायको पोस्टात खिडकीवर बसायची. समोर येणाऱ्याला ‘काय हवंय?’ असं विचारलं की तो बिचारा ते सांगतो, असा तिचा आयुष्यभराचा अनुभव होता.

“विचारून माणसाचं मत कळतं,” नमुनेसाहेब म्हणाले. “वस्तुस्थिती कळायला नमुना लागतो.”

तरी बायकोच्या शब्दाला मान म्हणून ते विचारायला लागले. रोज, जेवताना. आज काय खाल्लंस? किती खाल्लंस? तेल काळं होतं का पिवळं? आदल्या दिवसाचं होतं का? चिमणी म्हणायची, “माहीत नाही.” मग ते तिच्या ताटात डोकावून भात किती उरलाय याचा अंदाज घ्यायचे. दोनशे मिलिलिटर तरी असेल, असं एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं. चिमणी ताट उचलून आत गेली.

सल्ला हा असा पदार्थ आहे की तो मागावा लागत नाही, दार उघडं दिसलं की येतोच. खालच्या मजल्यावर एक निवृत्त ड्रिल मास्तर राहायचे. त्यांचं म्हणणं पडलं की पोरीला पहाटे उठवून पळवा. जो पळतो तो तळलेलं खात नाही, तळलेलं खाणाऱ्याला पळता येत नाही. मास्तर स्वतः चांगलेच सुटलेले होते, पण उपदेशाला पोट आड येत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा तोडगा निराळा. “मुलांना बाहेरचं का आवडतं? घरी मिळत नाही म्हणून. घरीच करा की बर्गर! भोपळा घाला, गाजर घाला, त्यांना काय कळतंय?” तळमजल्यावरच्या दंतवैद्याने काही न विचारता किडलेल्या दातांची रंगीत चित्रं आणून दिली आणि ती जेवणाच्या टेबलासमोर लावा म्हणून सांगितलं. लावली. त्यानंतर चिमणी जेवत होती तेवढीही जेवेना, आणि खरं सांगायचं तर नमुनेसाहेबांचंही जेवण कमी झालं.

काकूंचा उपाय त्यांना शास्त्रीय वाटला. सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भोपळा वाफवला, गाळून घेतला, वजन करून त्यात तेवढ्याच वजनाचं गाजर घातलं. टिक्की गोल व्हायला हवी म्हणून डब्याच्या झाकणाने कापली. कढईतल्या तेलात थर्मामीटर सोडला, तो फुटला. मग सगळं तेल टाकून दुसरं घेतलं, कारण काचेचा एक कण जरी राहिला तरी नमुना बाद. दुपार कलता कलता ताटात एक वस्तू आली. ती बर्गरसारखी दिसत होती, हे नमुनेसाहेबांच्या बायकोनेही मान्य केलं.

चिमणीने एक घास घेतला. चावला. गिळला. “छान झालंय, बाबा,” ती म्हणाली.

हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज आपण दवाखान्यात खाटेवरच्या माणसाशी बोलताना काढतो. तिने तोंड वाकडं केलं असतं, ताट ढकललं असतं, तर नमुनेसाहेबांना बरं वाटलं असतं. ते संध्याकाळभर गॅलरीत उभे होते. एवढीशी होती तेव्हा ही पोर त्यांच्या पेटीवर बसून घोडा घोडा करायची. कुठल्या नळाचं पाणी कसं, तेही तिला सांगावं लागायचं आणि ती ते बाहुलीला सांगायची. हे सगळं कधी थांबलं, ते त्यांना आठवेना.

तेव्हा त्यांनी ठरवलं की आता मूळ पदार्थच गाठायचा. त्यात काहीतरी सापडणारच. जंतू, जुनं तेल, माशीचा पाय, काहीही. ते सापडलं की जेवताना शांतपणे तिच्यापुढे मांडायचं. ओरडायचं नाही, रागवायचं नाही. पुरावा बोलेल. पुराव्यापुढे माणूस नमतोच, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि पंधरा वर्षांची मुलगी हा माणसाचाच एक प्रकार आहे, एवढंच त्यांनी गृहीत धरलं.

शाळा सुटायच्या आधी, दुकान रिकामं असताना ते आत शिरले. कामावरून परस्पर आले होते, त्यामुळे पेटी खांद्यालाच होती.

“इथे खाणार की घेऊन जाणार, काका?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“नमुना,” नमुनेसाहेब म्हणाले. हे उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप गेलं, कारण कुठल्याही काउंटरपुढे उभं राहून ते वर्षानुवर्षं हेच म्हणत आले होते.

बर्गर आला. त्याला हात लावणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी खिशातून चिमटा काढला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, आणि रुंद तोंडाची बाटली उघडून बर्गर आत घालायला सुरुवात केली. बाटली कितीही रुंद तोंडाची असली तरी शेवटी ती पाण्यासाठी केलेली. बर्गर बाटलीच्या गळ्यापाशी अडला. त्यांनी चिमट्याने ढोसला. आतला सॉस वर आला. बाटली काउंटरवर दोनदा आपटल्यावर तो बसला. काउंटरवरची मुलगी बघत राहिली होती. झाकण लावल्यावर हाताने सवयीने पुढचं काम केलं. दोरा गुंडाळला, लाख लावली, शिक्का मारला, आणि चिठ्ठीवर दुकानाचं नाव घालून ‘नमुना घेतल्याचे ठिकाण : काउंटर’ असं लिहिलं. मग ते “आभारी आहे” म्हणाले आणि निघाले.

बाटली त्यांनी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आपणच सूक्ष्मदर्शकाखाली बघू, कानोकान खबर नको, असा बेत होता. पण त्याच दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठी पाइपलाइन फुटली, आणि वरिष्ठ सहायकांना तिकडे धाडलं गेलं. एकदा पाइपलाइन फुटली की नमुन्यांना तोटा नसतो. ते काही दिवस तिकडेच अडकले आणि बर्गर इकडे.

प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झालेल्या एक रसायनतज्ज्ञ बाई होत्या. नियमांवर त्यांचा इतका जीव होता की लोक त्यांना नियमबाईच म्हणायचे. फ्रिज साफ करताना त्यांना ही बाटली दिसली. लाख आहे, शिक्का आहे, सही आहे, पण नंबर नाही. नियम असा की शिक्का असलेला नमुना अहवालाशिवाय टाकता येत नाही. त्यांनी नंबर घातला. बाटली उघडली. आत जे होतं ते एव्हाना ओळखण्यापलीकडे गेलं होतं. “मला वाटलं, सर, त्यांच्या टाकीच्या तळाचा गाळ आणलाय तुम्ही,” असं त्या पुढे म्हणाल्या, आणि यात त्यांची चूक काढायला जागा नाही. नियमाप्रमाणे घट्ट नमुना पातळ करावा लागतो, तो त्यांनी शुद्ध पाण्यात पातळ केला. नियमाप्रमाणे गढूळपणा बघितला, रंग बघितला, वास घेतला, जंतू वाढवले. जंतू उत्तम वाढले. मग छापील अहवालात जिथे एकच शेरा लिहायची सोय आहे, तिथे त्यांनी तो लिहिला. पिण्यास अयोग्य.

हा अहवाल आपल्या पायांनी चालत पाणीपुरवठा विभागात गेला. तिथे कुणीही तो वाचला नाही, फक्त शेवटची ओळ बघितली. ‘अयोग्य’ म्हटलं की जोडणी तोडायची. फिटर गेला, दुकानाचा नळ बंद करून आला. पाण्याशिवाय खाद्यपदार्थांचं दुकान चालवता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा विभाग गेला आणि दुकानालाच कुलूप लावून आला. सरकारी काम इतक्या झटपट होतं हे नमुनेसाहेबांनी उभ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

ते परतले, त्यांना कळलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण घरी आले तर चिमणी घरात. नेहमीपेक्षा कितीतरी लवकर. जेवायला बसली ती ताटात वाढलेलं सगळं जेवली. भात, भाजी, कोबीची कोशिंबीरसुद्धा. दुसऱ्या दिवशीही तेच. नमुनेसाहेबांच्या मनात एक चोरटा आनंद उगवला. देवाची करणी म्हणा, नियमबाईंची म्हणा, वाट चुकून का होईना गाडी ठेशनात आली होती. त्यांनी ड्रिल मास्तरांना जिन्यात गाठून सांगितलं की उपाय लागू पडला.

“माझा ना?” मास्तर म्हणाले.

“नाही. शास्त्राचा.”

एका संध्याकाळी भांडी आवरताना बायको म्हणाली, “ती जेवत नाही हो. ताट रिकामं करते.”

“म्हणजे तेच ना?”

“तेच कसं असेल?” बायको म्हणाली, आणि तिने नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी जेवताना नमुनेसाहेबांनी मुलीकडे बघितलं. खरोखर बघितलं. घास तोंडात जात होता, जबडा हलत होता, घास खाली उतरत होता. डोळे कुठेच नव्हते. ताट लख्ख झालं, ते तिने त्यांच्यासमोर थोडं तिरकं धरलं, तपासायला दाखवल्यासारखं, आणि म्हणाली, “उठू का?”

“बस जरा,” ते म्हणाले. “तुझ्या मैत्रिणी काय म्हणतात?”

“कोण मैत्रिणी?”

“त्याच. लांबी, चष्मा, आणि ती बडबडी. पोपट.”

चिमणीने तिरकं धरलेलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, “बाबा, दुकान बंद झालं त्याच्या आधी तिथे एक काका आले होते. काउंटरवरच्या ताईने आम्हाला करून दाखवलं. त्यांनी खिशातून चिमटा काढला आणि स्पिरिटने पुसला. मग बर्गर बाटलीत कोंबला. बसेना म्हणून बाटली आपटली.”

नमुनेसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“सगळ्या हसून हसून पडल्या. पोपट म्हणाली, कोण गं असेल हा नमुना? रोज त्याची नक्कल करतात. बाटली आपटायची, आणि ‘आभारी आहे’ म्हणायचं.” चिमणीचा आवाज फुटला. “मीपण हसले, बाबा. त्यांना कळू नये म्हणून सगळ्यात मोठ्याने मीच हसले.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कुणी टाकून बोललं असतं, चारचौघांत पाणउतारा केला असता, तर नमुनेसाहेबांनी सहन केला असता. त्याची त्यांना सवय होती. पण आपली पोर चार जणींत उभी राहून आपल्याला हसली, आणि घरी येऊन मुकाट्याने कोबी खात राहिली, हे त्यांना सोसवेना. रागवावं असं कुणीच समोर नव्हतं, हे आणखी वाईट.

“इतकं आवडतं तुला ते?” त्यांनी शेवटी विचारलं. “बर्गर?”

“मला त्यातलं चीज आवडतही नाही. ते टाळूला चिकटतं.”

“मग?”

“तिथे बसायचं तर मागवावं लागतं. सगळ्यांनी मागवलं आणि मी नाही म्हटलं तर म्हणतात, काय गं, शहाणी झालीस का? मग दुसऱ्या दिवशी हाक मारत नाहीत. खिडकीपाशी चारच खुर्च्या आहेत, बाबा. एक रिकामी झाली की लगेच कुणीतरी बसतं.”

“आणि घरी? घरी तर खुर्ची आहे ना तुझी?”

“घरी तुम्ही माझ्या ताटाकडे बघता,” चिमणी म्हणाली. “माणसं बघतात तसं नाही. बाटलीत बघतात तसं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुनेसाहेब मुख्य साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की तो नमुना पाण्याचा नव्हता, बर्गर होता, आणि तसं लेखी द्यायला आपण तयार आहोत. मुख्य साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दार लावून घेतलं.

“तुम्ही लेखी द्याल. उद्या लोक विचारतील, ज्या प्रयोगशाळेला बर्गर ओळखता येत नाही, तिला जंतू कसे ओळखता येतात? काय सांगू मी?” ते खूप हळू आवाजात बोलत होते. “दुसरा नमुना घ्या. नळाचा घ्या. तो योग्य निघाला की पहिला अहवाल आपोआप शिळा होतो.”

हे ऐकायला सोपं होतं. पण नळाचा नमुना घ्यायला नळाला पाणी हवं. पाणीपुरवठा विभागाचं म्हणणं, नमुना योग्य आल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. पाणी नाही तर नमुना कसा घेऊ, असं नमुनेसाहेबांनी विचारलं तेव्हा खिडकीमागच्या माणसाने सांगितलं की हा प्रश्न चांगला आहे, पण तो शेजारच्या खिडकीवर विचारावा. शेजारच्या खिडकीवर म्हणाले की दुकानाला कुलूप आहे, आधी कुलूपवाल्यांकडे जा. कुलूपवाले म्हणाले, पाणी आलं की कुलूप काढू. आयुष्यभर ज्या टेबलांच्या मागे नमुनेसाहेब उभे राहिले होते, त्याच टेबलांच्या पुढे ते हात जोडून उभे राहिले. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना कळलं की टेबल पुढच्या बाजूने किती उंच दिसतं. शेवटी एका जुन्या कारकुनाला एक जुना नियम आठवला. ‘नमुन्यापुरते पाणी.’ फिटरने समोर उभं राहून तेवढ्यापुरतं पाणी सोडायचं आणि नमुना झाला की बंद करायचं. फिटरला वेळ होता तो फक्त शाळा सुटण्याच्या सुमारास.

“त्याच वेळी?” घरी हे कळल्यावर चिमणीचा चेहरा पडला. “आम्ही त्याच वेळी तिथे पायरीवर बसतो. दुकान बंद असलं तरी घटकाभर बसतो.”

“तू येऊ नकोस त्या दिवशी.”

“नाही आले तर विचारतील, का नाही आलीस.”

“मग ये,” नमुनेसाहेब म्हणाले. “मी तुला ओळख दाखवणार नाही.”

हे ऐकून पोरीचा जीव भांड्यात पडला. ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि नमुनेसाहेब उठून आपली पेटी पुसायला लागले. पेटी स्वच्छच होती.

ठरल्या वेळी ते दुकानापाशी पोचले. फिटर पाना घेऊन तयार होता, दुकानाचा मॅनेजर, एक तरणाबांड पण चेहऱ्याने पार सुकलेला मुलगा, कुलूपवाल्यांकडून तेवढ्यापुरती किल्ली आणून, कुलूप काढून दार धरून उभा होता. पायरीवर चौघी बसल्या होत्या. त्यांच्याजवळच उभ्या असलेल्या काउंटरवरच्या मुलीने नमुनेसाहेबांकडे बघून एक खूण केली, आणि चौघींमध्ये खसखस पिकली. “तेच! बाटलीवाले!” असं कुणीतरी म्हणालं. पोपटने हवेत एक बाटली आपटली. नमुनेसाहेबांनी पेटीचा पट्टा सारखा केला आणि समोर बघत आत गेले. मुली मागोमाग आत घुसल्या. तमाशा फुकट असला की कुणी दारात थांबत नाही.

हात धुवायचा नळ खिडकीजवळ होता. फिटरने पाणी सोडलं. आधी गढूळ आलं, मग फेसाळ, मग स्वच्छ. नमुनेसाहेबांनी तोटी बंद केली, स्पिरिटचा बोळा चिमट्यात धरला आणि काडी ओढून तो पेटवला. नमुना घेण्याआधी तोटी भाजून घ्यावी लागते. मुली नळाभोवती दाटल्या होत्या, आणि सगळ्यात पुढे, ढकलाढकलीत सापडलेली, चिमणी होती. ती खाली बघत होती.

“मागे व्हा सगळ्या,” नमुनेसाहेब म्हणाले. मग चिमणीकडे वळून, अनोळखी मुलीशी बोलावं तसं, “ताई, तुम्हीपण जरा मागे व्हा. स्पिरिट आहे.”

तुम्ही. जन्मल्यापासून त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. चिमणीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते बघून नमुनेसाहेबांचा हात हलला, आणि पेटता बोळा चिमट्यातून निसटून त्यांच्या मनगटावर पडला. बाहीने पेट घेतला.

“बाबा! बाही!”

ती ओरडली तेव्हा तिचा हात आधीच त्यांच्या मनगटावर होता. दुसऱ्या हाताने तिने तोटी उघडली आणि मनगट पाण्याखाली ओढलं. बाही विझली.

“बाबा?” लांबी म्हणाली.

“नाही,” नमुनेसाहेब कचेरीतल्या आवाजात म्हणाले. “मुलगी घाबरली आहे. घाबरलं की तोंडून काहीही जातं. मी यांना ओळखत नाही.”

हे सांगताना त्यांचा हात तिच्या हातात होता.

“ओळखतात,” चिमणी म्हणाली. “माझे बाबा आहेत. बाटलीवाले पण तेच. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

चष्मावालीने चष्मा वर सरकवला. “मग तू एवढी का हसत होतीस?”

“तुम्ही हसत होतात म्हणून.” चिमणी म्हणाली. खरं बोलायला तोंड उघडलं की मागचं साचलेलंही बाहेर पडतं. “आणि मला चीज पण आवडत नाही.”

मग पोपट हळूच म्हणाली, “मलापण नाही आवडत.”

“मीपण आतलं काढून ठेवते,” चष्मावाली म्हणाली. “मग ते रोज मागवतं कोण?”

तिघींनी लांबीकडे बघितलं. लांबी लालबुंद झाली. “मला काय माहीत! मला वाटलं तुम्हाला आवडतं!”

मॅनेजरने भिंतीचा आधार घेतला. त्या बिचाऱ्याच्या दुकानावर आधीच कमी संकटं आली नव्हती. पोपटला मात्र गप्प राहणं जमलं नाही. तिने मान वाकडी करून नमुनेसाहेबांना विचारलं, “काका, पण तो बर्गर पास झाला का हो?”

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता.

“नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “पिण्यास अयोग्य निघाला.”

लांबी हसली, चष्मावाली हसली, पोपट तर खाली बसली. काउंटरवरची मुलगी हसली, फिटर हसला, मॅनेजरसुद्धा डोळे पुसत हसला. एकटी चिमणी हसली नाही. ती बापाचं मनगट दोन्ही हातांनी पाण्याखाली धरून उभी होती आणि जळक्या बाहीची कड बाजूला करून बघत होती.

“दुखतंय का, बाबा?”

“साहेब, घ्या ना आता नमुना,” फिटर म्हणाला. “मला पुढे जायचंय. पाणी फुकट चाललंय.”

“थांबा जरा,” नमुनेसाहेब म्हणाले. “आधी थोडं वाहू द्यावं लागतं.” आणि त्यांनी हात तसाच राहू दिला.